लाखोरीत सोडलेलं पाणी

यांची अफू सुटून वर्ष झालं, तेव्हा एका सकाळी हे मला म्हणाले, "ज्यायचं ज्यायचं वाईट केलं, त्यायच्या दारात जाऊन येतो म्हणून राहिलो." मी म्हटलं, जायचं तर ठरवून जायचं. मला तशीच सवय आहे. माहेरी चौथीपर्यंत शिकले तेव्हापासून बाजाराची, बियाण्याची, सणाची, पाहुण्यांची, कशाचीही यादी केल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. मुलीची पाटी घेतली आणि चुलीपुढे बसले. यांनी सांगायचं, मी लिहायचं.

पाच माणसं भराभर निघाली. मग हे थांबले.

"आणि वयनी?" मी विचारलं.

हे उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. ते सहावं नाव मीच खाली लिहिलं.

वहिनी म्हणजे यांच्या चुलतभावाची विधवा. आमच्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांच्या, खालच्या अंगाला तिच्या बांध्या. गावचा तलाव यांच्या पूर्वजांनी बांधलेला, आणि पाणकराचं काम यांच्याच घरात चालत आलेलं. तलावाच्या बांधात पाणी सोडायचं जे तोंड असतं, ते उघडायचं, कोणाच्या धानाला कधी आणि किती पाणी ते ठरवायचं, आणि वेळेवर बंद करायचं. गाव पाणकरावर विश्वास टाकून झोपतं. पोटदुखीवर औषध म्हणून यांनी गोंदियाच्या दुकानातून अफू आणली ती सुटेना, आणि तरीही ते काम यांच्याकडेच राहिलं. बोलायचं कोणी?

एका साली पाऊस लवकर गेला. तलावात पाणी थोडं, पाळ्या काटेकोर लावलेल्या. सगळ्यात शेवटची पाळी वहिनीची. तिच्या आधीच्या रात्री हे तलावाचं तोंड उघडून तिथंच बसले आणि अफूच्या पिनकेत गेले. पाणी रात्रभर नाल्यात वाहून गेलं. वहिनीचा धान पोटरीवर आला होता, तो उभा वाळला. तिचा एकुलता मुलगा पुढच्याच उन्हाळ्यात तुमसरकडे मँगनीजच्या खदानीत मजुरीला गेला आणि तिकडचाच झाला. गावाने यांच्याकडून पाणकराचं काम काढून घेतलं. वहिनीने मात्र काही म्हटलं नाही. तिने आमच्याशी बोलणंच सोडलं.

सोपी माणसं आधी घ्यायची, असं मी ठरवलं. गोरेगावच्या बाजारात यांनी एकदा न्हाव्याला लोटा फेकून मारला होता. त्याच्याकडे हे गेले तर तो म्हणाला, "अरे बापा! मी त विसरून गेल्तो. आता आठवण देली त बसा, दाढी करून देतो. वस्तरा गळ्यावर राह्यल, तवा बोलू नोका फक्त." बाजारातले लोक हसले. हे गुळगुळीत चेहरा घेऊन घरी आले आणि कितीतरी महिन्यांनी जेवताना हसले.

बाकीचे चार जणही झाले. एकाने दार लावून घेतलं, दोघांनी चहा पाजला, एकजण नुसताच रडला. उरली वहिनी.

तिच्यासाठी मी दिवस ठरवला तो कापणीनंतरचा. कापणीआधी कोणाला ऐकायला वेळ नसतो, आणि धान घरात आलेलं माणूस जरा सैल असतं. तोवर मी यांच्याकडून बोलणं घोटून घेत होते.

"वयनी, मी नशेत होतो म्हणून..."

"म्हणून काढा."

"मंग का राह्यते?"

"तुमचं पाणी मी वाया घालवलं. एवढंच."

"हे त लयच लहान होऊन गेलं."

"लहानच पाहिजे."

मला भीती एकच होती. वहिनीने तोंडावर हाकलून दिलं, तर हे तिथून घरी येणार नाहीत, सरळ गोंदियाच्या दुकानाची वाट धरतील. अफू सोडताना मी यांची गोळी दर आठवड्याला थोडी थोडी लहान करत आणली होती. शेवटी शेवटी हे अंगणात गडाबडा लोळले होते. ते पुन्हा माझ्याने झालं नसतं आणि यांच्याने तर नाहीच.

पण यांना दम धरवेना. दसरा होऊन गेला होता. आमच्या बांध्यांची पाण्याची शेवटची पाळी आली. त्या दिवशी सकाळी मी भात टाकत होते, तेव्हा हे वावरातून आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले आणि चेहऱ्यावर उजेड.

"आपलं पाणी वयनीच्या बांधीत सोडून आलो," हे म्हणाले. "मधातला धुरा फोडून देला. आपल्या धानाचं का होईल ते होवो. तिचं पाणी होतं, तिले पोचलं."

माझ्या हातातला पळा तसाच राहिला. "बांधीत उतरून पाहिलं होतं का तुमी?"

"कायले उतरू? वरून दिसत होतं ना. धान उभा हाये, माती सुकून राहिली."

आमच्याकडे धान पिकत आला की बांधीतलं पाणी काढून टाकतात, आणि कापणीच्या आधी, ओल्या मातीवर, उभ्या धानातच लाखोरी फेकतात. त्यावर पाणी साचलं की बी सडतं. धान कापून होईपर्यंत खाली लाखोरीचे कोंब आलेले असतात. गरिबाची वर्षभराची डाळ तीच. वहिनीने दोन दिवसांपूर्वी लाखोरी फेकली होती. सगळ्या गावाने पाहिलं होतं. यांना मात्र ते सुचलंच नाही. अफूच्या वर्षांत हे वावरात नुसते बसलेले असायचे. कोणत्या पंधरवड्यात कोणाच्या बांधीत काय चालतं, हे पाणकराच्या घरच्या माणसाला झोपेतही कळायला हवं. यांच्यातून ते निघून गेलं होतं.

वहिनी दुपारी आली. इतक्या वर्षांनी आमच्या अंगणात तिचं पाऊल पडलं. तिने ओंजळभर लाखोरी आणली होती, पाण्याने फुगलेली, साल सुटलेली. ती तिने ओट्यावर टाकली.

"भाऊजी, पिनकेत होते तवा माया धान खाल्ला. आता शुद्धीवर आले, त लाखोरी खाल्ली. कायले जागे झाले?"

हे उभे राहिले.

मी पुढे झाले. "बाई, आमची लाखोरी अजून फेकायची हाये. तेच बियाणं..."

"तू मधात बोलू नोको. तुया घरचा एक दाणा मले नाई पाहिजे." आणि यांच्याकडे वळून, "आता तरी कोणाले काही देऊ नोका. बसून राहा घरी."

ती गेली. पाठोपाठ हे गेले. कुठे चालले ते विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. गोंदियाचा रस्ता आमच्या घरावरून जातो. मी दारात उभी राहून पाहिलं. हे रस्त्याला लागले नाहीत, वावराकडे वळले. दिवस बुडेपर्यंत सारवलेल्या टोपल्याने वहिनीच्या दोन बांध्यांत भरलेलं पाणी उपसत होते. ती धुऱ्यावर बसून होती. मदतही नाही, मनाईही नाही. एका बांधीतली लाखोरी थोडीफार वाचली. दुसरीतली सगळी सडली.

त्यानंतर हे रोज सकाळी तिच्या धुऱ्याच्या अलीकडे उभे राहायचे आणि विचारायचे, "वयनी, काही काम हाये का?" ती म्हणायची, "नाई." हे परत यायचे. मी डोळे पाहायचे, हात पाहायचे. हातांना कंप नव्हता, पण जेवण निम्म्यावर आलं होतं.

कापणी लागली त्या दिवशी तिने विचारलं, "इळा आणला का?"

यांनी दिवसभर कापलं. वाचलेल्या बांधीत पायाखाली लाखोरीचे हिरवे कोंब होते, ते तुडवू नयेत म्हणून वाकून, जपून. दुसऱ्या बांधीत जपायला काहीच नव्हतं. संध्याकाळी मी धुऱ्यावर उभी होते. मजूर बाया रांगेत उभ्या राहिल्या आणि वहिनी पायलीने धान मोजून देऊ लागली. तिने यांना हाक मारली.

"दुपट्टा पसरा."

भावकीतल्या माणसाला कापणीची मजुरी देत नाहीत. त्याला जेवू घालतात, आणि त्याच्या कापणीला आपलं माणूस पाठवतात. मजुरीचं धान परक्याला.

"वयनी, मी मजुरीले नाई आलो," हे म्हणाले.

"मंग कायले आले? माया वावरात फुकटचं काम कोणाचंच नाई राह्यत. पसरा."

यांनी खांद्यावरचा दुपट्टा पसरला. धान पडत असताना हे हळूच म्हणाले, "वयनी, त्या साली तुमचं पाणी..."

"सरका," वहिनी म्हणाली. "मांगं बाया उभ्या हायेत."

घरी आल्यावर यांनी गाठोडं दारातच ठेवलं. माझ्या घरात प्रत्येक धानाची जागा ठरलेली आहे. बियाण्याचं निराळं, खायचं निराळं, देवाचं निराळं. हे कशात ओतायचं ते मला कळेना.

"कुठं ठेवू?" मी विचारलं.

"राहू दे तिथंच."

हे भिंतीला टेकून बसले. रस्त्याने बैलगाड्या गोंदियाकडे जात होत्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी भात वाढला. यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

सकाळी मी उठले तेव्हा गाठोडं सोडलेलं होतं. धान यांनी सुपात ओतून ठेवलं होतं. वहिनीच्या काही बांध्या अजून कापायच्या होत्या. यांनी रिकामा दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि विळा घेऊन निघाले.