आकाश निरभ्र, रडारवर ढग

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. जयपूरला आंधी येऊन गेली की गच्चीवर वाळूचा बारीक थर उरतो. झाडून काढला तरी पुढच्या आंधीला तो पुन्हा हजर असतो. आमच्या वैशाली नगरच्या घरात रविवारच्या नाश्त्यानंतर असाच एक थर उरतो. बाबा वीस वर्षं वायुदलात होते, मालवाहू विमानात फ्लाइट इंजिनिअर. आता बँकेत आहेत आणि बदलीमुळे आम्ही सांगलीहून इतक्या लांब आलो. पण रविवारी सकाळी तीन माणसं येतात आणि दोन तास बाबा बँकेतले राहत नाहीत.

शेखावत अंकल पायलट होते. ते येताना प्याज कचोरी आणतात आणि स्वतः मात्र आईचे पोहे खातात. पिल्लै अंकल त्यांचे नॅव्हिगेटर, म्हणजे विमानातल्या रडारसमोर बसून वाट सांगणारे. भटनागर आंटी जमिनीवरच्या रडारवर असायच्या. आकाशातल्या कितीतरी लोकांना त्या फक्त आवाजावरून ओळखायच्या. मी चहा देते आणि दाराजवळच्या वेताच्या मुढ्ढ्यावर बसते. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, पण ऐकायला जमतं. सगळे बोलतात हिंदीत, मी लिहितेय मराठीत, त्यामुळे चवीत थोडा फरक पडणारच.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. एका रात्री पिल्लै अंकलना रडारवर काहीतरी दिसलं आणि त्यांनी ते जसंच्या तसं लिहून दिलं. त्यावरून त्यांचं उडणं सहा महिने बंद झालं. ते विमान शेखावत अंकल चालवत होते. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला काही दिसलं नाही." या गोष्टीला खूप वर्षं झाली. तरी दर रविवारी जाताना, चप्पल पायात सरकवत पिल्लै अंकल विचारतात, "स्किपर, होतं ना?"

शेखावत अंकल म्हणतात, "ढग होता, पिल्लै."

दोघं हसतात. पण पिल्लै अंकलचं हसू जिन्यापर्यंत टिकत नाही, हे मी दारातून पाहिलंय. या महिनाअखेर त्यांची मुलगी त्यांना कायमची पालक्काडला घेऊन जाणार होती. म्हणजे विचारायला रविवार थोडेच उरले होते.

* * *

ढगाचं प्रकरण असं. रात्रीच्या उड्डाणात रडारवर ठिपका दिसला आणि तो कुणाचा ते कळलं नाही, तर काय लिहायचं? "अज्ञात वस्तू" लिहिलं तर डॉक्टर बोलावतात. "रडार बिघडलं" लिहिलं तर खालचे मेकॅनिक रात्रभर ते उघडून बसतात आणि सकाळी तुमच्याशी बोलत नाहीत. म्हणून सगळ्यांनी मिळून एक पद्धत पाडली होती. उतरायचं, चहाचा पहिला घोट घ्यायचा आणि लिहायचं: ढग.

एका मे महिन्यात वाळवंटावर आठवडाभर आभाळ कोरडं ठणठणीत होतं. तरी तीन रात्री तीन विमानांनी ढग लिहिले. चौथ्या दिवशी तिथला हवामानाचा तरुण अधिकारी नकाशाची गुंडाळी काखेत मारून शेखावत अंकलकडे आला. अगदी रडवेला झाला होता.

"सर, मी रोज 'आकाश निरभ्र' लिहितो. साहेब म्हणतात, तुझ्या नाकाखालून ढग चाललेत आणि तुला पत्ता नाही. माझी नोकरी जाईल. मला एकदा तुमच्याबरोबर न्या. मला तो ढग बघायचाय."

अंकलनी परवानगी काढून त्याला नेलं. रात्रभर तो पिल्लै अंकलच्या खांद्यावरून रडारमध्ये बघत होता. पहाटे उतरला. चहा घेतला, वही ओढली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "ढग. एक."

* * *

डॉक्टरांना लोक एवढे का घाबरायचे, असं आईने एकदा विचारलं. बाबांनी त्यांच्या एका जुन्या नॅव्हिगेटरचं सांगितलं. त्याने भाबडेपणाने ठिपक्याची नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला डोळे तपासायला बसवलं. त्याने तक्त्यावरची सगळी अक्षरं वाचली. शेवटची बारीक ओळ वाचली. मग तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नजर उत्तम आहे," ते म्हणाले. "तीच तर अडचण आहे."

* * *

सगळेच ठिपके काही गूढ नव्हते. जुन्या रडारच्या काचेवर रबरी नळकांडं असायचं, त्यात तोंड खुपसून बघायचं, म्हणजे बाहेरचा उजेड आत येत नाही. बाबांच्या विमानात एकदा नवा नॅव्हिगेटर होता. त्याने नळकांड्यात तोंड घातलं आणि तिथूनच घुमल्यासारखा आवाज आला, "सर, समोर एक विमान. चाळीस किलोमीटर. डावीकडे सरकतंय."

कॅप्टनने विमान उजवीकडे घेतलं. "आता?"

"अजून डावीकडेच सरकतंय सर. आता थांबलं." थोड्या वेळाने, "सर, ते परत फिरलं."

"वेग सांग."

पोराने बराच हिशेब केला. "सर, विमान म्हणावं तर फारच कमी आहे. बैलगाडी म्हणावी तरी कमी आहे."

बाबांनी त्याला बाजूला केलं, नळकांडं काढलं आणि काचेवरचा कोळी बोटाने उचलून खिडकीच्या कडेला ठेवला. कॅप्टन म्हणाले, "प्रवाशांच्या यादीत त्याचं नाव घाला."

आई हसली नाही. ती म्हणाली, "एवढ्या उंचीवर बिचाऱ्याला थंडी वाजली असेल." मला तेव्हापासून हा किस्सा कोळ्याच्या बाजूने आठवतो.

* * *

शेखावत अंकल जयपूरचेच, जुन्या शहरात वाढलेले. संक्रांतीला इथे दिवसभर पतंग असतात आणि अंधार पडला की पतंगाच्या दोरीला मेणबत्तीचे कागदी कंदील बांधून वर सोडतात. ज्याने हे पाहिलेलं नाही त्याला कसं सांगावं? शहराच्या वर आणखी एक शहर तरंगायला लागतं.

त्या संध्याकाळी अंकलबरोबर चेन्नईकडचा नवीन सहवैमानिक होता. जयपूर लांबून दिसायला लागलं आणि त्याचा आवाज बदलला. "सर, नारिंगी दिवे. तीस, नाही, चाळीस. रांगेत आहेत, हळूहळू वर येतायत. रडारवर काही नाही. कळवू का खाली?"

अंकल म्हणाले, "कळव. पण आधी तारीख बघ."

त्याने तारीख बघितली. त्याला काही कळलं नाही. "कुणाचे आहेत सर ते?"

"सगळ्यांचं माहीत नाही," अंकल म्हणाले. "जुन्या शहरात, चौडा रास्त्याच्या बाजूचा, सगळ्यात वाकडा उडतोय ना, तो माझ्या मुलाचा आहे."

* * *

भटनागर आंटी कमी बोलतात, पण त्यांचा हा किस्सा मी त्यांना दोनदा सांगायला लावला. म्हणजे मी नाही, मी आईला सांगितलं आणि आईने त्यांना.

त्या तेव्हा पश्चिमेकडे वाळवंटातल्या एका रडारवर होत्या. हिवाळ्याची सुरुवात, रात्रीचे दोन. पडद्यावर वायव्येकडून ठिपके यायला लागले. एक, पाच, मग तीसेक. पाचरीचा आकार. विचारलं तर कोणी उत्तर देईना. आंटी तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी वर असलेल्या एका विमानाला बघायला सांगितलं. पायलट म्हणाला, "इथे फक्त तारे आहेत मॅडम." आंटींचा हात सगळ्यांना उठवणाऱ्या टेलिफोनवर गेला.

तिथे फलोदीकडचे एक वयस्कर सार्जंट होते, भंवरजी. ते म्हणाले, "मॅडम, एक मिनिट." दार उघडून बाहेर गेले आणि वाळूत नुसते उभे राहिले, मान वर करून. थंडी आत येत होती. मग आंटींनाही ऐकू आलं. फार उंचावरून, कोणीतरी दाटलेल्या गळ्याने बोलावं तसा आवाज.

"कुरजां आहेत," भंवरजी म्हणाले. करकोचे. दर हिवाळ्यात दूरच्या थंड देशांतून येतात. "आमच्याकडे बायका त्यांच्याजवळ परदेशी गेलेल्या नवऱ्यासाठी निरोप देतात."

आंटींनी टेलिफोन सोडला आणि वही घेतली. रकाना भरायला हवा होता. त्यांनी "अज्ञात" लिहायला सुरुवात केली.

"तसं नका लिहू मॅडम," भंवरजी म्हणाले. "घरचे आहेत."

"मग तू काय लिहिलंस?" बाबांनी विचारलं.

आंटी म्हणाल्या, "ढग. आणखी काय लिहिणार? पण खाली कंसात लिहिलं, 'घरी परतणारे.' वरिष्ठांनी काही विचारलं नाही. त्यांचंही घर लांबच असणार."

* * *

मी या सगळ्यांत एकच प्रश्न विचारलाय. पिल्लै अंकल स्वयंपाकघरात कप ठेवायला आले होते आणि मी फोडणीची तयारी करत होते. मी विचारलं, "अंकल, रडारवर ते दिसतं कसं?"

त्यांनी ओट्यावरचा काळा तवा बघितला, मिसळणाच्या डब्यातून एक मोहरी उचलली आणि तव्यावर उजवीकडे ठेवली. "असं," ते म्हणाले. आम्ही दोघं बराच वेळ त्या मोहरीकडे बघत राहिलो. मग बाहेरून शेखावत अंकलची हाक आली, "पिल्लै, आत काय स्वयंपाक करतोयस?" आणि त्यांनी मोहरी घाईघाईने डब्यात परत टाकली, चोरी पकडल्यासारखी.

* * *

मागच्या रविवारी पिल्लै अंकलचं सामान बांधून झालं होतं. आईने शिरा केला होता. नेहमीचे किस्से कुणी सांगेना. कचोऱ्या तशाच पुड्यात होत्या.

भटनागर आंटी म्हणाल्या, "पिल्लै, आज पूर्ण सांग. दर वेळी आम्ही फक्त होतं की नव्हतं एवढंच ऐकतो."

पिल्लै अंकलनी शेखावत अंकलकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"वाळवंटावरून परत येत होतो," पिल्लै अंकल म्हणाले. "खाली एक दिवा नाही. वर इतकं चांदणं की वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळू नये. उजव्या हाताला ठिपका आला. आम्ही वळलो, तो वळला. आम्ही खाली आलो, तो आला. अर्धा तास. मी स्किपरला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, 'पिल्लै, बस. बाहेर काही नाहीये.' म्हणून पुढचं मी बोललो नाही. नुसतं पाहिलं."

"पुढचं काय?" बाबांनी विचारलं.

"तो विझला. मग आला. पुन्हा विझला. पुन्हा आला. तिथेच, त्याच जागेवर. मग निघून गेला. उतरल्यावर चहासुद्धा न घेता मी तेवढंच लिहिलं, दोनदा विझला, दोनदा आला. डॉक्टर वाचून हसले. म्हणाले, 'डोळा मारत होता का?' त्यानंतर ते वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही."

मी किटली घेऊन उभी होते, ती खाली ठेवायला मला सुचेना.

शेखावत अंकल वळले. "दोनदा, असं तू लिहिलं होतंस?"

"हो."

"तुझा कागद मला कुणी दाखवला नाही. मला फक्त विचारलं, बाहेर काही दिसलं का."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"दिसलं नव्हतंच, पिल्लै. आजही तेच सांगेन." अंकलनी कप दोन्ही हातांत धरला होता. "पण तू गप्प झालास ना, तेव्हा मला वाटलं, कोणीतरी सोबत चाललंय. हायवेवर रात्री कोणी दिसलं की आपण डिपर देतो, तसं काहीतरी मनात आलं. मी विमानाचे बाहेरचे सगळे दिवे घालवले. मग लावले. पुन्हा घालवले. पुन्हा लावले."

"सर, हे नियमात बसत नाही," बाबा हळूच म्हणाले.

"म्हणून तर बोललो नाही. त्या वर्षी माझं प्रमोशन होतं. मग तुझं उडणं बंद झालं, आणि मग बोलायची लाज वाटायला लागली."

पिल्लै अंकल त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते चिडतील. पण त्यांनी विमानात विचारत असतील तसं, सरळ आवाजात विचारलं, "किती वेळ बंद होते?"

"पहिल्यांदा जेमतेम. दुसऱ्यांदा जरा जास्त. हात स्विचवरच राहिला."

पिल्लै अंकलनी डोळे मिटले.

"हो," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा जास्त."