अक्का आणि दीड लाख डोळे

आमच्या ऑफिसात नवा संगणक आला की अक्का तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायच्या आणि स्वतः सगळ्यात जुना, पंख्याची घरघर करणारा डबा घेऊन बसायच्या. साहेबांनी आग्रह करून पाहिला. "माझ्या डब्यावर पळेल ते कुठंही पळेल," एवढं सांगून त्या पुन्हा कामाला लागायच्या.

नाशिकमध्ये आमची आठ जणांची छोटी कंपनी होती. दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम करायचो. अक्का आमच्यात वयाने नि अनुभवाने मोठ्या. रोज सिन्नरहून एसटीने येत. यजमान एसटीतच ड्रायव्हर असल्यामुळे गाडी कितीही रखडली तरी त्या महामंडळाला नावं ठेवत नसत. "संध्याकाळी त्याच घरात जायचंय मला," म्हणायच्या.

फोनवरच्या तक्रारीवर त्यांचा विश्वास नव्हता. तक्रार ऐकायची नसते, बघायची असते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गिऱ्हाईक कितीही लांब असो, अक्का तिथे जायच्या, काम करणाऱ्या माणसाशेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि तासभर चकार शब्द बोलायच्या नाहीत.

मनमाडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातून तक्रार आली तेव्हा त्यांनी मलाही बरोबर नेलं. तिथे कितीतरी वर्षांचे, पेशंटच्या डोळ्यांचे दीड लाखांवर फोटो एकाच फोल्डरमध्ये साठले होते. आमच्या प्रोग्रॅममधून ते फोल्डर उघडायचं काम तिथल्या छायाताईंकडे. त्या क्लिक करायच्या, पडदा पांढरा व्हायचा आणि हात मांडीवर ठेवून त्या वाट बघत बसायच्या. बाहेर डोळ्यांत थेंब घातलेली माणसं ताटकळायची. डॉक्टरांना वाटायचं, बाईच हळू आहे. दुसरी कुणी तरी बघतो, असं त्यांनी सुनावलंही होतं.

सकाळभर बसून अक्का उठल्या आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मी मागे. "डॉक्टर, बाईंचा हात हळू नाही. आमचा प्रोग्रॅम हळू आहे," त्या म्हणाल्या. छायाताई दारातच उभ्या होत्या.

तो प्रोग्रॅम मी लिहिला होता. अक्कांना ते माहीत होतं, पण माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही जमिनीकडे बघत राहिले.

परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, पडद्यावर एका वेळी किती नावं मावतात? मी म्हटलं, तीस. "मग दीड लाख कशाला आणतेस? एकूण किती आहेत ते माहीत असू दे, म्हणजे बाजूची पट्टी बरोबर सरकेल. आणायची तीसच. बाई यादीत खाली सरकल्या की पुढची आण."

खरंच, मी पहिली ओळ दाखवण्याआधी दीड लाख फायलींचं नाव, तारीख आणि छोटा फोटो गोळा करत होते. आठवडाभरात मी सगळं बदललं. पडद्यावर तीसच ओळी ठेवल्या. माणूस खाली सरकला की त्याच ओळींत पुढची नावं भरायची, आणि फोटो मागून येतील तसे लावायचे. फोल्डर पापणी लवायच्या आत उघडलं. मी ऑफिसभर पेढे वाटायच्या बेतात होते.

अक्कांनी ते आपल्या डब्यावर लावलं, भराभर खाली सरकल्या आणि मला हाक मारली. एका आजोबांच्या नावापुढे दुसऱ्याच कुणाचा तरी डोळा दिसत होता. क्षणभरच, मग योग्य फोटो आला. आधीच्या नावासाठी मागवलेला फोटो उशिरा पोचून नव्या नावापुढे जाऊन बसला होता. माझ्या वेगवान संगणकावर हे दिसलंच नव्हतं. मी म्हटलं, एवढंसं तर आहे, लगेच दुरुस्त होतं.

"डॉक्टरांनी नेमकं तेवढ्यातच बघितलं तर? रिकामी चौकट चालेल, पल्लवी. दुसऱ्याचा डोळा नाही चालणार."

त्यांनी मनमाडला फोन करून दोन दिवस मागून घेतले आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. त्या दोन दिवसांत मी एवढंच केलं: आलेल्या फोटोने आधी विचारायचं, या ओळीत अजून माझंच नाव आहे का? नसेल तर गुपचूप परत जायचं. मग प्रोग्रॅम मनमाडला गेला. छायाताईंची नोकरी राहिली.

पुढच्या वर्षी यजमान निवृत्त झाले आणि अक्कांनीही नोकरी सोडली. दोघांनी आता प्रवासी म्हणून हिंडायचं ठरवलं होतं. शेवटच्या दिवशी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. गाडीला वेळ होता. तेव्हा त्यांनी सांगितलं, त्यांच्या पहिल्या नोकरीत त्यांच्या चुकीवरून एका टायपिस्ट बाईंना घरी बसवलं होतं, आणि अक्का स्वतः गप्प राहिल्या होत्या. "नंतर लय शोधलं त्यांना. नाय सापडल्या." एवढ्यात गाडी लागली. त्यांना न्यायला आलेल्या यजमानांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. ड्रायव्हरला स्वतःची जागा धरताना बघून अक्का मोठ्याने हसल्या आणि चढल्या.

दुसऱ्या दिवशी मी छायाताईंना फोन केला. तो प्रोग्रॅम मी लिहिला होता, आणि त्या दिवशी बोलायला हवं होतं ते मी बोलले नाही, असं सांगितलं.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "मॅडम बोलत होत्या तेव्हा तुमचं तोंड बघितलं ना मी. पण फोन केलात, बरं वाटलं."