डाव्या दारावरचं नाव

"वर्ष झालं नाही अजून." हे वाक्य त्या काळात मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की आजही कुणी ते उच्चारलं तर डोक्यात तिडीक जाते. नवरा गेल्यावर वर्षाच्या आत घरात सण नाही, नवा कपडा नाही, गोडधोड नाही, हे मला मान्य होतं. मुळात हौस होती कुणाला! पण आमच्या घरात त्या नियमात गाडीचा रंगही घुसवला गेला. कुणी घुसवला आणि कशासाठी, ते सांगते.

गाडी म्हणजे पिकअप. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. हे पहाटे मार्केट यार्डातून भाजी भरायचे आणि हिंजवडीच्या कंपन्यांच्या कॅन्टीनला पोचवायचे. तेव्हा त्या काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या आणि आत कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या पोरांना जेवायला लागायचं. सासरचं घर कर्वेनगरात. एकेकाळी तिथे यांचं शिवार होतं, ते केव्हाच बिल्डरच्या घशात गेलं. आमच्या वाट्याला उरलं एक बैठं घर आणि दोन उंच इमारतींच्या मधे सापडलेलं अंगण. शेती गेली तरी भाजीने आपल्याला सोडलं नाही, असं हे हसून म्हणायचे.

हे गेल्यावर मी खेटे घालून गाडी माझ्या नावावर करून घेतली. चालवायला शिकले, मालवाहू गाडीचं लायसन्स काढलं. तोवर रोजावर एक ड्रायव्हर ठेवला होता. गाडीपेक्षा तोच जास्त डिझेल पीत असावा. सगळं मार्गाला लागतंय म्हणेपर्यंत पासिंग आलं. मालवाहू गाडी ठरलेल्या मुदतीत आरटीओला दाखवून पास करून घ्यावी लागते, आणि आमच्या गाडीचे तर पोपडे उडालेले, कडा गंजलेल्या. तशी नेली असती तर साहेबाने लांबूनच परत पाठवली असती. पास नाही तर गाडी रस्त्यावर नाही. गाडी रस्त्यावर नाही तर कॅन्टीनचं काम दुसऱ्याला. आणि ते काम गेलं की मी आणि माझी शाळेत जाणारी पोरगी दिरांच्या ताटाकडे बघत बसणार. एवढी सरळ गोष्ट होती.

दीर मात्र अगदी निवांत होते. "वहिनी, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी. पासिंग संपायच्या आत देऊन टाकू. पैसे आईच्या नावावर ठेवू."

आईच्या नावावर! गाडी माझी, पैसे आईचे, आणि आईच्या पासबुकाची कपाटातली जागा फक्त दिरांना ठाऊक. वा रे वा!

मी म्हटलं, "गाडी विकायची नाही. रंग देणार आहे मी."

तेव्हा ओसरीवरून सासूबाई बोलल्या. "वरीस व्हायच्या आत रंग लावत्यात व्हय गाडीला? लोक शेण घालतील तोंडात."

ह्याच दिरांनी तिसऱ्या महिन्यात कोरी मोटारसायकल दारात आणून उभी केली होती. तिला हार घातला, आळीत पेढे वाटले. तेव्हा लोकांचं शेण कुठे गेलं होतं देव जाणे. विचारलं तर म्हणे, "बुकिंग दादा असतानाच केलं होतं." म्हणजे मोटारसायकलला सुतक नाही, कारण तिने आधी नंबर लावला होता!

माझं माहेर नारायण पेठेतलं. तिथल्या माणसाला राग आला की तो कमी बोलतो. सासरी राग आला की ओरडतात. मी दोन्ही शिकले आहे. त्या दिवशी ओरडले, आणि मग न बोलता रंगाच्या चौकशीला निघाले.

गॅरेजवाल्याने स्प्रेने रंगवायचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मी त्याला विचारलं, गाडी रंगवून देणार आहात की नवी देणार आहात? मग हार्डवेअरच्या दुकानात गेले. दारं-खिडक्यांना लावतात तो ऑइल पेंट मागितला. निळा, गाडीच्या पुस्तकात निळा लिहिलाय म्हणून निळाच.

"हा गाडीचा रंग नाही," दुकानदार म्हणाला.

"गाडीला सांगत नाही मी."

"घरात कोणी पुरुष माणूस नाही का?"

"होता. वारला. ब्रश दाखवा."

 त्याने ब्रश मात्र चांगले दिले.

रंग कसा द्यायचा ते मला बघून माहीत होतं. दर पासिंगच्या आधी हे ह्याच अंगणात गाडी घेऊन बसायचे आणि मी चहा नेऊन द्यायचे. आधी गंज खरवडायचा, पॉलिश पेपरने पत्रा घासायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, म्हणजे ती कणकेसारखी मऊ पुट्टी. ती वाळली की पुन्हा घासायचं, मग तांबडा प्रायमर, मग रंग. बघायला सोपं असतं सगळं. हाताची सालं निघाली, नखांत तांबडं जे बसलं ते भाकरी थापतानाही निघेना. पोरगी म्हणाली, आई, तुझे हात बाबांसारखे झालेत. मी तिच्यावर खेकसले. उगीचच.

त्यात शेजारच्या प्लॉटवर इमारतीचा पाया खणत होते. ओल्या रंगावर धूळ बसली की पत्रा किसणीसारखा लागायचा. मग मी युक्ती काढली. सकाळी अंगणभर सडा घालायचा आणि त्यांची जेवणाची सुट्टी झाली की ब्रश हातात घ्यायचा. वरच्या बाल्कन्यांतून लोक बघत असायचे. एकाने वरूनच सल्ला दिला, "अहो, उभे हात मारा, आडवे नको." म्हटलं, "या की खाली." बाल्कनीचं दार बंद झालं.

अशी सगळी गाडी झाली. राहिलं ते डावं दार.

मालवाहू गाडीच्या डाव्या बाजूला मालकाचं नाव आणि पत्ता लिहिलेला लागतो. आमच्या गाडीच्या डाव्या दारावर यांचं नाव होतं. पिवळी अक्षरं, त्याला लाल सावली, पेंटरकडून हौसेने काढून घेतलेली. आता कागदावर मालक मी. म्हणजे दारावर माझं नाव हवं, आणि त्यासाठी यांचं नाव घासून काढायला हवं. खरं सांगते, ते दार मी मुद्दामच मागे ठेवलं होतं. चारी बाजूंनी फिरून यायचे आणि तिथे आले की उजव्या दाराचं काहीतरी राहिलंय असं आठवायचं.

दिरांनी ते बरोब्बर हेरलं. "वहिनी, दादाचं नाव राहू दे. तेवढीच आठवण." डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. दारावर मेलेल्या माणसाचं नाव असलं की साहेब गाडी परत पाठवणार, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. आणि सासूबाई! त्यांनी स्टूल आणलं आणि दाराला पाठ लावून बसल्या. चहा तिथे, भाजी निवडणं तिथे, जपमाळ तिथे. मी ब्रश घेऊन आले की डोळे मिटायच्या. उठा म्हणायची माझी छाती होईना, आणि पासिंगची तारीख उद्यावर आली.

त्या दुपारी दीर गिऱ्हाईक घेऊनच आले. पांढऱ्या बुटांचा एक माणूस. मला नमस्कार नाही, चमत्कार नाही. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारून बघितली आणि दिरांना म्हणाला, "निळा कशाला दिला? पांढरी पाहिजे होती."

मी स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होते. त्या लाथेने माझं डोकं फिरलं. पॉलिश पेपर उचलला आणि तरातरा गाडीपाशी गेले.

"आई, उठा."

"न्हाय उठायची."

"मग बसा."

आणि त्यांच्या डोक्यावरच्या पत्र्यापासून मी घासायला सुरुवात केली. निळी-पिवळी भुकटी त्यांच्या केसांत, खांद्यावर, पदरावर पडायला लागली. दीर "अहो वहिनी, अहो वहिनी" करत राहिले. सासूबाई शेवटी पदर झटकत उठल्या. पेंटरने अक्षरं थरावर थर देऊन काढली होती. जाता जात नव्हती. मी घासत होते आणि मनात यांच्याशी भांडत होते. त्या पहाटे छातीत दुखतंय म्हणालात ना? मी म्हटलं ना, आज जाऊ नका? "एवढी खेप टाकून येतो, मग डॉक्टरकडे जाऊ." खेप टाकलीत. कॅन्टीनचे कांदे वेळेवर पोचले. तुम्ही नाही आलात. कांद्यासाठी मरतं का हो कुणी? मेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणे. मी इतके महिने दुसरं काही केलंच नव्हतं.

शेवटचं अक्षर गेलं. खालचा पत्रा चमकायला लागला. मागून सासूबाईंचा आवाज आला.

"पुसलंस? माझ्या लेकाला पुसलंस?"

मी वळले. हातातला कागद फेकून दिला. "माझं कुंकू पुसलंत तुम्ही, आई. ह्याच अंगणात, तुमच्या हाताने. बांगड्या फोडल्यात. तेव्हा मला विचारलं होतंत?"

शेजारच्या खड्ड्यातलं काम त्या वेळी नेमकं बंद होतं. वरच्या बाल्कन्यांत कुणीतरी असणारच. दीर जमिनीकडे बघत होते. सासूबाईंच्या केसांत अजून पिवळी भुकटी होती. सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलेलंही नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मला तरी कुठं इचारलं व्हतं कुनी," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

गिऱ्हाईक "तुमचं घरचं आधी बघून घ्या" असं काहीतरी पुटपुटत सटकलं. दीर त्याच्या मागे पळाले. मी दाराला प्रायमर लावला, पंखा बाहेर आणून वाळवला, रंग दिला. संध्याकाळी पिवळ्या रंगाची छोटी डबी आणि पोरीचा चित्रकलेचा ब्रश घेऊन बसले. कागदावर जसं नाव तसंच दारावर लागतं. आधी माझं, मग यांचं, मग आडनाव. दुपारी जे घासून काढलं तेच पुन्हा माझ्या हाताने लिहायचं होतं. त्या नावाचं पहिलंच अक्षर वाकडं आलं. पुसून पुन्हा काढलं, पुन्हा वाकडं आलं. राहू दिलं.

दीर परत आले होते. मागे उभे राहून म्हणाले, "नावाच्या आधी 'श्रीमती' राहिलं."

"जागा संपली," मी म्हटलं.

सकाळी गाडी काढायला गेले तर सासूबाई केबिनमध्ये बसलेल्या. धुवट लुगडं, हातात पिशवी. "मी बी येनार." मला वाटलं, संपलं. आरटीओच्या दारात रडारड करून ही बाई सगळ्यावर बोळा फिरवणार. पण ओढून उतरवू कशी? निघाले. रस्ताभर त्यांचं चालूच होतं. रंगाला वास मारतोय. निळा लय गडद झालाय. तो असा गचके देत न्हाई चालवायचा. मी दात-ओठ खात स्टिअरिंग धरून होते. मागून मोटारसायकलवर दीर.

मैदानात गाड्यांची रांग होती. आमचा नंबर आला, साहेब कागद घेऊन पुढे झाले. मी खाली उतरायच्या आत दीर त्यांच्यासमोर हजर. "नमस्कार साहेब. आमच्या घरची गाडी आहे. मोठा भाऊ वारला. आता व्यवहार सगळा मीच बघतो."

साहेबांनी दाराकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, मग दिरांकडे. "मालक कोण?"

मी तोंड उघडलं होतं. पण काच खाली झाली आणि सासूबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"ही. ही बसलीया ती. रंग वंगाळ दिलाय तिनं, पर गाडी हिचीच हाय."

साहेब हसले. ब्रेक, दिवे, हॉर्न बघितले. "रंग घरी दिलाय ना? दिसतंय," असं म्हणून सही केली. दीर मोटारसायकलला किक मारत होते. कोरी गाडी, पण सुरू होईना.

मला त्या क्षणी भरून यायला हवं होतं. गोष्टींमध्ये तसंच होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गेटच्या बाहेर आल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "आई, हे वाक्य येत होतं तुम्हाला? मग इतके महिने गिळून का बसलात? भावजींनी तुमचं पासबुक दडवलं तेव्हा, गिऱ्हाईक बघितलं तेव्हा, मी हाताची सालं काढत होते तेव्हा, एकदा तरी ओसरीवर म्हणायचं होतंत. एकदाच. घरात का नाही बोललात?"

त्यांनी पिशवी मांडीवर नीट ठेवली.

"घरात कोन ऐकतं माजं?" त्या म्हणाल्या, आणि मी गाडी सुरू करेपर्यंत बाहेर बघत राहिल्या.