मोठ्यात मोठा पाऊस आणि नित्या

आमच्या ऑफिसात चेहरा गंभीर ठेवावा लागतो, कारण आम्ही संकटांचे अंदाज काढतो. हसू दाबून दाबून इतके किस्से साठलेत की नवीन माणूस आला की आधी ते सांगायचे, काम मागाहून शिकवलं तरी चालतं.

अंधेरीला, एका फरसाणच्या दुकानाच्या वर, आम्ही चौघं बसतो. मोठ्यात मोठा पाऊस किती पडेल, वारा किती जोरात सुटेल, भरती किती चढेल, हे जुन्या नोंदींवरून सांगायचं. रोजच्या पावसाशी आमचं काही देणंघेणं नाही. जो कधीतरी एकदाच येतो आणि वाट लावून जातो, तो आमचा!

साहेब म्हणजे परब सर, मूळचे मालवणचे. मी माधुरीताई, सगळ्यांत जुनी आणि त्यांच्या मते सगळ्यांत भोचक. बाकी दोघं नित्या आणि ऋचा. नित्याला ऋचा आवडते हे खालच्या फरसाणवाल्यालाही ठाऊक होतं. मग ऋचाला बंगळुरूची नोकरी चालून आली, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं ठरलं, तरी हा गप्पच! माझा जीव नुसता वरखाली.

*

ऋचाचा ऑफिसातला पहिला दिवस. सरांनी तिला पावसाच्या नोंदी दिल्या. "जरा साफ कर गं. चुकीचं काही दिसलं तर काढून टाक."

संध्याकाळी बाई खुशीत. "सर, डेटा एकदम क्लीन! फारच मोठे वाटले ते सगळे आकडे उडवले!"

सरांनी स्क्रीन पार खालपर्यंत सरकवून बघितली. मग त्यांच्या तोंडून मालवणीच बाहेर पडली. "अगो बाये, त्याच मोठ्या आकड्यांवर आपला पोट चलता गो!"

नित्याने ते सगळे आकडे तिला परत भरून दिले. जो माणूस स्वतःचा चहाचा कप विसळत नाही, त्याने! तेव्हाच मला संशय आला.

*

नित्या कधी एक आकडा सांगत नाही. "इथपासून तिथपर्यंत" हे त्याचं उत्तर.

घाटकोपरचे एक बिल्डर आले. बेसमेंटच्या तोंडाशी पुराचं पाणी अडवणारं फाटक बसवायचं होतं, ते किती उंच हवं?

"नोंदी फार थोड्या आहेत," नित्या म्हणाला. "पाणी घोट्यापासून गळ्यापर्यंत कुठेही येऊ शकतं."

"झकास! मग घोट्यापर्यंत बसवतो!"

परब सरांनी शांतपणे विचारलं, "तुमची स्वतःची गाडी कुठे लावणार?"

"बेसमेंटलाच."

फाटक गळ्यापर्यंत गेलं.

*

जोगेश्वरीच्या एका गोदामवाल्याचा फोन मी घेतला. "मॅडम, तुम्ही म्हणालात असा पूर शंभर वर्षांतून एकदा. गेल्या वर्षी आला, यंदा परत आला! हे काय?"

मी समजावलं. "अहो, एकदा येऊन गेला म्हणजे त्याला शंभर वर्षांची सुट्टी नसते. असं समजा, दरवर्षी शंभर चिठ्ठ्यांतून एक काढायची, त्यातल्या एकीवर पूर लिहिलाय. वर्ष संपलं की चिठ्ठी परत डब्यात."

त्यांनी अगदी मन लावून ऐकलं. "समजलं, मॅडम. मग पुढच्या वर्षीपासून चिठ्ठ्या दोनशे टाका ना!"

*

नित्याच्या आईला विमानाने इंदूरला बहिणीकडे जायचं होतं. बोरिवलीहून सांताक्रूझ. दुसरा कोणी सरासरी वेळ धरून निघाला असता. नित्याने वाईटात वाईट ट्रॅफिक धरला. वर रस्ता खोदलेला, वर एखादी मिरवणूक. त्या दिवशी नेमका रस्ता मोकळा! एअरपोर्टवर पोचले तेव्हा त्यांच्या विमानाचं नाव बोर्डावर लागायलाही बराच अवकाश होता.

काकूंनी बॅगेवर बसकण मारली. "नित्या, मला मावशीकडे पाठवतोयस की इथेच राहायला आणलंयस?"

मला ऐकताना हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं. हा असाच. ऋचाला विचारलं तर वाईटात वाईट काय होईल, एवढंच याच्या डोक्यात.

*

बोरिवलीच्या एका शाळेच्या गच्चीवर पाऊस मोजायचे. त्या नोंदी आमच्याकडे आल्या. बघतो तर वर्षामागून वर्षं, सगळ्यांत मोठ्या पावसाचा आकडा तोच!

नित्या खुर्चीतून उठलाच. "सर, इथल्या पावसाला वरची मर्यादा आहे! त्याच्या वर तो जातच नाही!" त्याने रिपोर्ट लिहायलाही घेतला.

ऋचा एकटीच कुरकुरत होती. "दरवर्षी सारखाच? थोडाही कमी-जास्त नाही?" ती उठली आणि शाळेत गेली.

तासाभराने तिचा फोटो आला. गच्चीवर पाऊस मोजायला ठेवलेली एक छोटीशी बादली. खाली मेसेज: "मर्यादा आभाळाची नाही, बादलीची आहे. भरली की वरचं सगळं वाहून जातं."

सर हसता हसता चहा शर्टावर सांडून बसले. नित्याने मुकाट्याने रिपोर्ट फाडला.

*

आणि हा परवाचा, गुरुवारचा. गोराईला बोटींच्या एका नव्या धक्क्यासाठी जुन्या भरतीच्या खुणा बघायला गेलो होतो. परतीच्या बोटीत पुढच्या बाकावर नित्या आणि ऋचा, मागे मी आणि सर. सरांनी झोपेचं सोंग घेतलं होतं. मी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"उद्या त्यांना उत्तर द्यायचंय," ऋचा म्हणाली. "तुला काही बोलायचंय का?"

नित्याने पाण्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. "म्हणजे... तुझ्याबद्दल मला जे वाटतं ना, ते आधी वाढत गेलं. मग एका ठिकाणी थांबलं. आता कित्येक महिने रोज तेवढंच. त्याच्या वर जातच नाही."

मी कपाळावर हात मारला. अरे गाढवा, असं बोलतात?

"रोज सारखंच?" ऋचाने विचारलं. "थोडंही कमी-जास्त नाही?"

"नाही."

ऋचा हसली.

"बादली लहान आहे रे तुझी. चल, बंगळुरूला मोठी घेऊ."