खाणीच्या भोंग्यानंतर

धाकटा भाऊ फौजेतून रजेवर आला तो उपचारासाठीच. आधी एका ठिकाणी त्याची दारू सोडवली होती, पण झोप काही आली नाही. मग झोपेसाठी पुन्हा दारू. चंद्रपुरातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "दारू आणि मनातली भीती, दोन्हींवर सोबतच उपचार करू. एकच धरून बसलो तर हाती काही लागणार नाही." दवाखान्यात ठेवून, गोळ्यांचा डोस बसवून त्यांनी त्याला माझ्या घरी पाठवलं. पुन्हा प्यायला असता तर सगळं पहिल्यापासून. नोकरीचंही मग खरं नव्हतं.

मी घरचा नशामुक्ती अधिकारी झालो. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून व्यसनाचे तोटे सांगायचो. बायको म्हणायची, "आधी थुंकून या, मंग ग्यान द्या."

सकाळ बरी जायची. दुपारी जेवण झालं की मात्र तो घामाघूम व्हायचा आणि उठून निघायचा. मी दारात आडवा.

"कुठी चालला?"

"दादा, बाजूला हो. मले जाऊ दे म्हणलं ना!"

डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "रोज दुपारीच का? तेव्हा घरात काय होतं?"

"काही नाई मॅडम. जेवतो, खाणीचा धमाका झाला की चहा ठेवतो."

बोललो आणि माझं मलाच कळलं. शेजारच्या कोळसा खाणीत रोज दुपारी आधी भोंगा होतो, मग सुरुंग उडतात. कपाटातली भांडी थरथरतात, आम्ही मानसुद्धा वळवत नाही. भावाच्या डोळ्यांसमोर फौजेची गाडी सुरुंगावर गेली होती, आणि मी त्याला आरामासाठी इथं आणून ठेवलं होतं.

"दुसरं घर पाहतो," मी त्याला म्हणालो.

"आज धमाका होईपर्यंत इथंच बसून पाहतो," तो म्हणाला. "पन तू भाषण नको देऊ."

भीती दाटली की करायला डॉक्टरबाईंनी त्याला शिकवलं होतं तसे त्याने तळवे जमिनीला टेकवले. भोंगा झाला. त्याने माझं मनगट पकडलं. भोंगा थांबला, तरी धमाका येईना. त्याची नजर दाराकडे गेली. मी जागचा हललो नाही.

जमीन हादरली. त्याची नखं माझ्या मनगटात रुतली. मग सगळं शांत झालं, तरी हात सुटला नव्हता.

"त्या गाडीत मी बसनार होतो," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "माझा दोस्त म्हणे, इथं मी बसतो, तू मागच्या गाडीत ये."

घरात हे त्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. मी मनगट तसंच राहू दिलं, आणि तो पुढचं सांगत गेला.