वहिनीचा आवडता सिनेमा

केतकीचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडला टॅक्सीत अडकलो होतो. मांडीवर वाचकांच्या याद्या होत्या. ‘माझे सर्वांत आवडते दहा सिनेमे’ या माझ्या सदरासाठी त्या दर आठवड्याला येतात. “काका, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. मी “निघालोच” म्हणालो, फोन ठेवला आणि हातातल्या यादीतलं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं वाचलं. कुणा अनोळखी माणसाचा सातव्या क्रमांकाचा सिनेमा. आता सव्वा महिना झाला, पण ते वाक्य मी पुरं वाचलं, हे काही विसरता येत नाही.

वहिनी लग्न होऊन डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमची आई आदल्याच वर्षी गेली होती. दादा कारखान्यात पाळीवर, म्हणून सिनेमाला वहिनीच्या जोडीला मी. शुक्रवारी दुपारपर्यंत ती शिवायला आलेले ब्लाऊज हातावेगळे करायची आणि आम्ही तीनच्या खेळाला चालत जायचो. येताना तिचा प्रश्न ठरलेला, “विनू, कुठे खोटं वाटलं तुला?” मी हाणामारीबद्दल काहीतरी सांगायचो. ती म्हणायची, “अरे, ती बाई चूल फुंकते आणि डोळ्यांत टिपूस नाही. साडीला इस्त्री बघ केवढी कडक!” एकदा मात्र ती नेहमीचा प्रश्न विचारायचीच विसरली. त्या सिनेमात एक माणूस मुलगा गेल्याची बातमी घेऊन मित्राच्या दारात येतो आणि आधी खाली बसून चपलांचे पट्टे सोडत राहतो... “ते खरं होतं,” वहिनी घराच्या पायरीवर म्हणाली. “सांगायचं नसलं की माणूस असाच वेळ काढतो.”

पुढे मी शिकलो, पुण्याच्या चित्रपट रसास्वाद शिबिरांना गेलो, परदेशी सिनेमे पाहिले, लिहू लागलो. वहिनीला आवडणारे सिनेमे मला रडके वाटू लागले. चार वर्षांपूर्वी ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका छोट्या सभागृहात माझं व्याख्यान होतं. पेपरात वाचून वहिनी डोंबिवलीहून एकटीच आली, केतकीच्या लग्नातली साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसली. मी चपलांच्या पट्ट्यांचा तो प्रसंग सांगितला. ‘सांगायचं नसलं की माणूस असाच वेळ काढतो’ हे वाक्यही सांगितलं, माझं म्हणून. टाळ्या पडल्या. वहिनीनेही वाजवल्या. मग एका मुलीने विचारलं, “सर, असं बघायला तुम्हाला कुणी शिकवलं?” माझी नजर तिसऱ्या रांगेवर गेली होती, हे मला पक्कं आठवतं. तरी मी शिबिरातल्या एका प्राध्यापकांचं नाव घेतलं.

चहाच्या वेळी आयोजकांनी विचारलं, “या कोण?” मी म्हणालो, “आमच्या वहिनी. त्यांनाही आवड आहे. टीव्हीवर लागेल ते बघतात.” ते हसले. मीही हसलो. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, “हो ना, भाजी निवडता निवडता.” मला सांभाळून घेतलं तिने... कप खाली ठेवून ती निघाली. मी तिला रिक्षापर्यंत सोडायलासुद्धा गेलो नाही.

त्यानंतर सणावाराला भेटी झाल्या. वहिनी पूर्वीसारखीच वाढायची, आग्रह करायची. फक्त ‘कुठे खोटं वाटलं’ हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही. शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये मी धीर करून म्हणालो, “वहिनी, त्या ठाण्याच्या कार्यक्रमात मी...” तिने मला पुरं बोलू दिलं नाही. “एसी किती होता रे तिथे, गारठले मी,” म्हणाली आणि मी जेवलो का ते विचारलं. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते ती याचीच जास्त.

तेराव्याला केतकीने विचारलं, “काका, आईचा सगळ्यात आवडता सिनेमा कुठला होता? तुम्हालाच माहीत असणार.” शेकडो अनोळखी लोकांना मी हे विचारलं होतं. वहिनीला एकदाही नाही. तरी चारचौघांत अडायचं नाही ही सवय. सुचलं ते एक नाव मी ठोकून दिलं. कोपऱ्यात बसलेला दादा मान न उचलता म्हणाला, “नाही रे. तो तिला अर्ध्यातच खोटा वाटला होता.” मग म्हणाला, “मी विचारलं होतं तिला. म्हणाली, विनू विचारेल ना सदरासाठी, तेव्हा नीट विचार करून सांगेन.”

परवा शुक्रवारी डोंबिवलीला गेलो. दादाने टीव्हीवर कुठलासा सिनेमा लावला होता. तो संपला तसा मी रिमोटकडे हात नेला. “थांब,” दादा म्हणाला. शेवटी सरकणारी नावं वहिनी कुणाला बंद करू द्यायची नाही, म्हणे. मोठ्याने वाचायची. ‘एवढी माणसं राबली, नावं तरी घ्यावीत की नाही?’ खिडकीजवळची तिची खुर्ची तिथेच होती, पाठीवर तिची शाल. दादाने चष्मा चढवला आणि वाचू लागला. कपडे शिवणारे, दिवे धरणारे, गाड्या चालवणारे, चहा देणारे... नावं भराभर वर जात होती, दादा अडखळत होता, मागे पडत होता. “तुला नीट दिसतंय ना? वाच की,” तो म्हणाला. मी तोंड उघडलं. पहिलं नाव तेवढ्यात वर निघून गेलं; मी पुढचं मोठ्याने वाचलं.