पहिली बरबटी

बाबा गेले त्या वर्षी मी आईला रोहण्याहून पवनारला माझ्याकडे आणलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, पुढे लहानसा ओटा. मी वर्ध्याला एका कचेरीत कारकून. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने यायचं. तेवढा वेळ आई खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली असायची. सत्तरीची बाई, पण जन्मभर लोकांच्या वावरात निंदण केलेलं, कापूस वेचलेला. तिचे ते हात मांडीवर नुसते पडलेले मला बघवत नसत. ताटात अर्धी भाकर राहायची. विहारात चल म्हटलं की गुडघे दुखायचे. पावसाळा सरता सरता तिचा ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला आणि मला धडकी भरली. बाबांच्या मागे ही पण चालली, असं वाटलं.

बसस्टॉपवर भाजी घेऊन बसणारी एक काकू माझ्या ओळखीची होती. नदीच्या अंगाला तिचं वावर. त्याच्या कडेला दोनेक गुंठ्यांचा तुकडा पडीक होता. तो मला कसायला देशील का, असं मी एक दिवस विचारलं.

"तू करशील?" तिने माझ्या चपलांकडे पाहिलं.

"आईसाठी. तिचं मन लागेल."

"मंग घे. पडलंच हाये ते. पण पायात बूट घालजो आन् काठी आपटत येजो. नदीकाठ हाये, परड निघते."

परड म्हणजे घोणस. तिने ते इतक्या सहज सांगितलं, की मला तिच्यासमोर घाबरताही आलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती उठून उभी राहील. तिने मान वळवली.

"जिंदगीभर दुसऱ्याच्या वावरात निंदलं म्या. आता तू बी मले निंदालेच लावतं काय? आन् तुले शिकवलं ते याच्यासाठी?"

लहानपणी तिने मला धुऱ्याच्या आत पाय ठेवू दिला नव्हता. धुरा म्हणजे बांध. तिथे पळसाखाली बसून मी अभ्यास करायचे आणि ती उन्हात वाकलेली दिसायची. शेतमजुराची मुलगी असून मला विळा धरता येत नव्हता, आणि त्याचा तिला अभिमान होता.

पण काकूला शब्द दिला होता. म्हणून एकटीच लागले.

पहिले पंधरा दिवस मी फक्त भ्याले. गवत हललं की भ्याले. कुदळ स्वतःच्या पायावर पडेल म्हणून भ्याले. शेजारच्या वावरातल्या बाया कामं थांबवून बघायच्या, त्यांना भ्याले. काकूने सऱ्या पाडून दिल्या, बी किती खोल टाकायचं ते बोटाच्या पेरावर दाखवलं. बरबटी, पालक, मेथी, चार-सहा वांग्याची रोपं. बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा. आमच्याकडे तोच शब्द. आई त्या आवडीने खायची म्हणून मी तिच्या दोन सऱ्या लावल्या.

बरबटी उगवली. वर आली, काठ्यांना धरून चढली, जांभळट फुलं आली. रोज घरी येऊन मी आईला सांगायचे. ती "हं" म्हणायची. एकदा मात्र तिने विचारलं, "शेंग धरली का?" तो एक प्रश्न घेऊन मी दोन दिवस हवेत होते.

शेंगा धरल्या आणि त्याच आठवड्यात मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर काळे बारीक किडे, एकावर एक, देठ दिसेना. काकू तिच्या लेकीकडे कारंजाला गेली होती. आई बघायच्या आधीच सगळं जाणार, एवढंच मला सुचत होतं. शुक्रवारी कचेरीतून निघाल्यावर शेतीच्या औषधांच्या दुकानात गेले, एक शेंडा कागदात गुंडाळून नेला होता तो दाखवला. दुकानदाराने लहानशी बाटली काढून दिली. "झाकणभर टाका पंपात, मॅडम. साफ होते."

शनिवारी सुट्टी होती. दुपार कलल्यावर मी काकूच्या फवारणीच्या हातपंपात औषध कालवलं. झाकण उघडताच तो वास आला. बाबा लोकांच्या कपाशीवर फवारणी करून यायचे तेव्हाचा वास. एकदा ते अंगणात येऊन आडवे झाले होते, तोंडातून लाळ गळत होती आणि आई त्यांच्या अंगावर बादल्या ओतत होती. मी सहा वर्षांची असेन. बाबा त्यातून उठले, पण तो वास माझ्यात राहिला. मी श्वास कोंडून, तोंड फिरवून दोन्ही सऱ्या फवारल्या, बाटली टोपलीखाली झाकून ठेवली आणि घरी येऊन तीनदा आंघोळ केली. आईला काही सांगितलं नाही. तिला बाबा आठवले असते.

रविवारी मावसबहिणीच्या मुलीचा साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, रोहण्याला. आई म्हणाली, तू जा, मले बस सोसत नाई. मी सकाळीच निघाले. परत आले तेव्हा तीन वाजत आले होते.

आई ओट्यावर बसली होती. खुर्चीवर नाही, खाली, पाय पसरून. तिच्या पायांना माती होती. तिचा चेहरा मी कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

"गेलती तुह्या वावरात," ती म्हणाली. "इचारत इचारत गेली. बरबटी तं चांगली आणली व तू. भाजी केली. तुह्यासाठी ठेवली हाये, जेवून घे."

मी पिशवी खाली ठेवली.

"कोणच्या सरीतली तोडली?"

"दोनच तं हायेत. दोन्हीतली."

"खाल्ली तू?"

"खाल्ली. दोन भाकरी खाल्ल्या. शेजारच्या सुनेले बी वाटीभर देली. सातवा चालू हाये तिले, नवी भाजी पाहून तिचं मन गेलं. तू काऊन अशी पाहून राह्यली?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. आईचा चेहरा हळूहळू बंद होत गेला तेवढं आठवतं.

"तुले वास नाई आला?" मी ओरडले. "औषधाचा वास नाई आला तुले?"

"आला असन," ती म्हणाली. "मले तो वावराचाच वास वाटते, बाई."

शेजारच्या दारात गेले. सून आतल्या खोलीत झोपली होती. आमची वाटी घासून ओट्यावर पालथी घातलेली. सासूने माझ्याकडे पाहिलं आणि तिला आधी माझं तोंड कळलं, बोलणं नंतर. तिने सुनेला हलवून उठवलं. सून उठली, पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

मी काकूला फोन लावला. कारंजाहून तिचा आवाज तुटत तुटत येत होता. "बाटली कोठं हाये?"

"वावरात."

"पह्यले बाटली आण. बाटलीबिगर दवाखान्यात जाऊन का सांगशील? पळ."

मी पळाले. घरापासून नदीपर्यंतची ती वाट मी काठी आपटल्याशिवाय कधी चालले नव्हते. त्या दिवशी बूट नव्हते, काठी नव्हती, साक्षगंधाची साडी होती. गवतातून सरळ गेले. टोपली उचलली, बाटली घेतली. बरबटीकडे पाहिलं तर मावा वाळून गेला होता, वेल स्वच्छ, हिरवेगार. बाटली पदरात गुंडाळली आणि परत पळाले.

ऑटोत आम्ही चौघी. आई एका कडेला, सून मध्ये, सासू तिचा हात धरून, मी चालकाशेजारी अर्धी बाहेर. मागे बघायची हिंमत नव्हती. कान मात्र मागेच होते. मी बाटलीवरची अक्षरं वाचत होते. मुंगीएवढी अक्षरं, पिवळा त्रिकोण, आणि अगदी खाली, फवारणीनंतर सात दिवस तोडणी करू नये. सात दिवस. माझा एकही पुरा झाला नव्हता. शिकलेली मी, आणि ही ओळ मी विष फवारल्यावर वाचत होते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने बाटली वाचली, मग एकेकीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, नाडी धरली.

"आजी, शेंगा धुतल्या होत्या?"

"धुतल्या. दोन पाण्यानं."

"शिजवल्या नीट?"

"शिजवल्या." आई थांबली. "तोडता तोडता दोन-तीन कच्च्या खाल्ल्या म्या. बिगर धुतलेल्या."

डॉक्टरिणीने वर पाहिलं. पुन्हा बॅटरी काढली आणि आईचे डोळे दुसऱ्यांदा पाहिले, जरा जास्त वेळ. तो जास्तीचा वेळ मी कधी विसरणार नाही.

"आत्ता काही दिसत नाही," ती म्हणाली. "पण संध्याकाळपर्यंत दोघींना इथेच ठेवू. घाम, लाळ, उलटी, काहीही झालं तर लगेच हाक मारा."

दोन खाटा शेजारी शेजारी मिळाल्या. मी मधल्या जागेत उभी. आईच्या कपाळाला हात लावायचे, कोरडं आहे ना बघायचे, मग सुनेकडे वळायचे तर सासू तिथे असायची. ती मला हात लावू देत नव्हती. सुनेचा नवरा ट्रक चालवतो. त्याचा फोन आला, तो सासूने माझ्याकडे दिला.

"का खाऊ घातलं तुम्ही तिले?" तो एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. मागून गाड्यांचे हॉर्न येत होते. मी "बरबटी" म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

पाच वाजता सुनेला उलटी झाली.

सासूने किंकाळी फोडली. नर्स धावली, डॉक्टरीण आली, पडदा ओढला. मी पडद्याबाहेर. आई खाटेवर उठून बसली होती आणि माझा पदर तिने मुठीत धरला होता, लहान मूल धरतं तसा. मग पडद्याआडून एक घरघर ऐकू आली, आणि त्या घरघरीतून घोडा दौडत यावा तसा एक आवाज. टकटक टकटक.

"बाळाचे ठोके छान आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "हिचे डोळे ठीक आहेत, नाडी ठीक आहे. घाबरून झाली असेल, नाहीतर दिवसांची असेल. तरी अजून थांबू."

मी भिंतीला टेकून खाली बसले. ती पडद्याबाहेर आली तेव्हा तिने मला बसलेलं पाहिलं आणि माझीही नाडी धरली.

"फवारताना हातमोजे घातले होते? तोंडाला काही?"

"नाही."

"तुम्हीसुद्धा आधी यायला हवं होतं."

आईने ते ऐकलं. ती माझ्याकडे नाही, डॉक्टरिणीकडे बघत होती. "फवारलेल्या वावरात आम्ही दिवसभर कापूस वेचू," ती हळूच म्हणाली, "आन् त्याच हातानं भाकर खाऊ. हातमोजे काय म्हून कोणी इचारलं नाई, माय." डॉक्टरिणीने आईच्या पायावर चादर सारखी केली.

दिवे लागायच्या सुमाराला दोघींना सोडलं. कोणाला काही झालं नाही. धुतल्यामुळे, शिजवल्यामुळे, की मी तोंड फिरवून फवारल्याने औषध धड पडलंच नव्हतं म्हणून, कोण जाणे.

माझ्यासाठी ते संपलं नाही. पुढचे दोन महिने सून अंगणात आली की मी खिडकीआड उभी राहून तिचं चालणं बघायचे. तिच्या घरातून मोठा आवाज आला की मी दारापर्यंत धावायचे. सासूने बोलणं टाकलं होतं. जानेवारीत सुनेला मुलगी झाली. आठ दिवस माझी जायची हिंमत झाली नाही. शेवटी आई गेली, आणि परत येऊन खुर्चीवर न बसता थेट चुलीपाशी गेली.

"सगळं बरोबर हाये," ती पाठमोरीच म्हणाली. "हात, पाय, सगळं पाहून आली. तुह्यासारखी रडते, टाहो फोडून."

तेव्हा मी रडले.

दोन्ही सऱ्या मी दवाखान्यातून आलो त्याच आठवड्यात उपटून टाकल्या होत्या. तुकडा परत करायचा असं ठरवून काकूकडे गेले, आईही सोबत आली, तर काकूच्या आधी तीच बोलली, "परत काऊन? तिले येत नाई, मले येते." आता ती रोज सकाळी जाते, माझे बूट घालून. मावा दिसला की राखेचा हात फिरवते, अळ्या बोटांनी वेचते. निम्मी कोबी अळ्यांनीच खाल्ली यंदा. मी रविवारी मदतीला जाते आणि तिच्या शिव्या खाते. गवत हललं की अजून दचकते.

शेजारच्यांनी मात्र आमची भाजी पुन्हा घेतली नाही. सासू आता बोलते, सून मुलीला आमच्या ओट्यावर आणून ठेवते, पण पालकाची जुडी पुढे केली की "हाये घरी" म्हणते. बसस्टॉपवर काकूच्या टोपलीतून घेते तीच भाजी. मी एकदा काकूला हे बोलून दाखवलं. मला वाटलं, ती हसेल.

"माह्याही भाजीवर मारतेच की मी," काकू म्हणाली. "पण टोपलीतल्या भाजीवर कोणाचं नाव नसते, बाई. तुह्या भाजीवर तुहं हाये."

तिने पालकावर पाणी शिंपडलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. बस आली होती, पण मी तिथेच उभी राहिले.